किल्ली देण्यापूर्वी एक प्रश्न

सणाच्या चार दिवसांत घरची मोटार एकट्या मालकाची राहत नाही. फराळाचे डबे पोचवायला थोरला भाचा ती घेऊन जातो, आत्याबाईंना स्टेशनवरून आणायला जावईबापू निघतात, पाडव्याला सगळी मंडळी देवदर्शनाला जातात तेव्हा गाडी मेहुण्याच्या हाती असते. खुंटीवरची किल्ली निघते आणि पुन्हा खुंटीवर येते. ती कुणी नेली एवढे आपण विचारतो. नेणाऱ्याचा परवाना आज चालू आहे काय, हे विचारायची मात्र आपल्याकडे पद्धत नाही. जावयाला असे विचारणे म्हणजे तर त्याचा अपमानच!

हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे. गाडीचा विमा भरलेला आहे ना, मग काळजी कसली, अशी आपली सर्वांची समजूत असते. विमा भरलेला असतो हे खरे. पण परवाना निलंबित झालेला माणूस गाडी चालवीत असेल, तर तो विमा कुणाला पावतो आणि कुणाला पावत नाही, याचा हिशेब फार निराळा आहे. तो एकदा शांतपणे समजून घ्यावा आणि घरातल्या सर्वांना समजावून सांगावा, इतका महत्त्वाचा आहे.

पॉलिसीतले न वाचलेले कलम

आपल्याकडे विमा असतो तो गाडीचा, चालकाचा नव्हे. त्यामुळे गाडी मालकाने चालवली, पत्नीने चालवली, शेजाऱ्याने चालवली किंवा पगारी ड्रायव्हरने चालवली, तरी एरवी विम्याला बाध येत नाही. या उदारपणाला एकच कुंपण आहे आणि ते पॉलिसीच्या कागदावरच छापलेले असते. त्याला विमेवाले ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ म्हणतात. त्याचा आशय असा, की विमेदारासह कोणीही गाडी चालवावी, मात्र अपघाताच्या वेळी चालवणाऱ्यापाशी अमलात असलेला परवाना हवा आणि तो परवाना बाळगण्यास किंवा मिळवण्यास अपात्र ठरवलेला नसावा. शिकाऊ परवाना असणाऱ्यालाही मुभा आहे, पण शिकाऊ चालकासाठी ठरलेले नियम त्याने पाळले पाहिजेत.

‘अमलात असलेला’ आणि ‘अपात्र नसलेला’ हे दोन शब्दप्रयोग वाचकांनी लक्षात ठेवावेत. खिशात परवान्याचे कार्ड आहे एवढ्याने भागत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम २३ अन्वये, अपात्रतेचा हुकूम निघाला की त्या मुदतीपुरता परवाना निष्प्रभ होतो. कार्डावर २०३५ सालची तारीख छापलेली असली, तरी त्या तीन महिन्यांत ते कार्ड म्हणजे प्लॅस्टिकचा तुकडा!

परवाना निलंबित होतो कसा?

पूर्वी परवाना जाणे ही ट्रकवाल्यांच्या आणि दारुड्यांच्या वाट्याची गोष्ट आहे, असे पांढरपेशा घरात मानले जाई. आता तसे राहिलेले नाही. २०१९ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. भरधाव वेग, लाल दिवा ओलांडणे किंवा हातात मोबाईल धरून गाडी हाकणे यांसारखे धोकादायक वाहन चालवणे, मद्यपान, रस्त्यावरच्या शर्यती, स्कूटरवर तिघांनी बसणे, शिरस्त्राणाशिवाय दुचाकी चालवणे, रुग्णवाहिकेला वाट न देणे, अशा गुन्ह्यांत पोलीस अधिकारी परवाना ताब्यात घेऊन परिवहन कार्यालयाकडे पाठवू शकतो. तेथे म्हणणे मांडण्याची संधी मिळते आणि मग पहिल्या खेपेस तीन महिन्यांची अपात्रता येऊ शकते. पुन्हा तोच प्रकार घडला तर परवाना रद्दच होण्याची वेळ येते. कॉलेजात जाणारी मुले, घाईत असलेले नोकरदार, मोबाईलवर बोलत गाडी चालवणारे डॉक्टर, सारेच या यादीत बसतात.

येथे एक बारकावा आहे. पोलिसाने परवाना घेतला की तो पोचपावती देतो. साध्या प्रकरणात, परवाना परत मिळेपर्यंत किंवा पावतीवरच्या तारखेपर्यंत, ही पावती दाखवून गाडी चालवता येते. पण वर सांगितलेल्या गंभीर गुन्ह्यांसाठी परवाना घेतला असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार त्या पावतीवर गाडी चालवण्याची मुभा नाही. ‘पावती आहे ना खिशात’ असे म्हणून बाहेर पडणाऱ्याने ती पावती आधी नीट वाचावी.

अपात्र असताना गाडी चालवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. अशा माणसाला आपली गाडी चालवू देणाऱ्या मालकालाही कैद किंवा पाच हजारांचा दंड होऊ शकतो. परंतु दंड ही यातली सर्वांत स्वस्त गोष्ट आहे, हे पुढे कळेल.

जखमी माणसाचा काय दोष?

रस्त्याने चाललेल्या एखाद्या गृहस्थाला अशा गाडीने धडक दिली, तर त्याच्या बायकामुलांना विमा कंपनीने ‘चालकाचा परवाना निलंबित होता, आम्ही काही देणे लागत नाही’ असे सांगून वाटेला लावावे काय? त्या माणसाने ना पॉलिसी वाचली होती, ना चालकाचा परवाना पाहिला होता.

विम्याची सक्ती मुळात याच माणसासाठी आली. मोटारी वाढल्या तशी अशी प्रकरणे वाढली, की न्यायालय भरपाईचा हुकूम देई आणि गाडीवाल्यापाशी द्यायला दमडी नसे. इंग्लंडमध्ये १९३० च्या कायद्याने तिऱ्हाइतांसाठी विमा सक्तीचा झाला. आपल्याकडे १९३९ चा मोटार वाहन कायदा आला आणि त्यातली विम्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. विमा कंपनीला कोणत्या सबबी सांगता येतील तेही कायद्यानेच मोजून ठेवले. त्या सबबींबाहेर जाता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली सांगितले. चालकाला परवाना नसणे किंवा तो अपात्र असणे ही त्या मोजक्या सबबींपैकी एक. ती तेव्हाही होती आणि १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या नव्या कलम १५० मध्येही आहे. त्या कलमात तिच्या जोडीला दारूच्या अमलाखाली गाडी चालवण्याची सबबही घालण्यात आली.

पण सबब कायद्यात लिहिली आहे म्हणजे ती आपोआप चालते असे नाही. ५ जानेवारी २००४ रोजी नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वर्णसिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सविस्तर निकाल दिला. परवाना नव्हता, तो खोटा होता किंवा चालक अपात्र होता, एवढे दाखवून कंपनीची सुटका होत नाही. गाडीच्या मालकाने याबाबत वाजवी काळजी घेतली नाही, हे कंपनीने सिद्ध केले पाहिजे. शिवाय ती उणीव अपघाताच्या कारणाला हातभार लावणारी असली पाहिजे. आणि हे सारे सिद्ध झाले तरीसुद्धा न्यायाधिकरण कंपनीला असे सांगू शकते, की आधी तुम्ही पीडिताला पैसे द्या आणि मग ते मालकाकडून वसूल करा.

‘आधी द्या, मग वसूल करा’ हे सूत्र वकीलवर्गात सुपरिचित आहे. मध्यमवर्गीय घराला त्यातला पहिला भाग ऐकून हायसे वाटते. धक्का देणारा आहे तो दुसरा भाग.

कंपनी परत येते, ती मालकाच्या दारी

वसुली होते ती कुणाकडून? ज्याने किल्ली नेली त्याच्याकडून नव्हे, तर ज्याच्या नावावर पॉलिसी आहे त्याच्याकडून. ही तरतूदही पॉलिसीतच छापलेली असते. कायद्याच्या सक्तीमुळे, एरवी देणे नसलेली जी रक्कम कंपनीला भरावी लागेल, ती विमेदाराने कंपनीला परत करावी, असे ते वाक्य आहे. सही करताना ते कुणी वाचत नाही! या वसुलीसाठी कंपनीला नव्याने दिवाणी दावा लावत बसावे लागत नाही. मालकाने मुदतीत पैसे भरले नाहीत, तर जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे ते वसूल करण्याचा मार्गही स्वर्णसिंग निकालात सांगितलेला आहे. थकलेला शेतसारा कसा वसूल होतो, हे खेड्याशी नाते असलेल्या आपल्या वाचकांना सांगायला नको.

ही रक्कम केवढी असते, याचा एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. समजा, अपघातात पस्तीस वर्षांचा एक गृहस्थ गेला. कायम नोकरी, पगार दरमहा ४०,००० रुपये, मागे पत्नी, दोन मुले आणि आई. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ साली घालून दिलेल्या रीतीने वर्षाचे उत्पन्न ४,८०,००० रुपये. पुढील पगारवाढीपोटी त्यात निम्म्याची भर घातली की ७,२०,००० रुपये. चार अवलंबितांच्या कुटुंबात मृताचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा केला की ५,४०,००० रुपये. या वयाला गुणक १६. म्हणजे झाले ८६,४०,००० रुपये! अंत्यविधी आदींच्या ठराविक रकमा आणि दाव्याच्या काळातले व्याज निराळेच. १००० ते १५०० सीसीच्या खाजगी मोटारीसाठी १ जून २०२२ पासून ठरलेला तिऱ्हाईत विम्याचा वार्षिक हप्ता होता ३,४१६ रुपये. एवढ्या हप्त्यात कंपनी जो लाखोंचा बोजा उचलते, तो एका न विचारलेल्या प्रश्नामुळे मालकाच्या राहत्या घरावर येऊन पडू शकतो.

‘मला ठाऊक नव्हते’

मग मालकाने बचावावे कसे? कायदा मालकाला अशक्य ते सांगत नाही. १९८७ साली स्कँडिया इन्शुरन्स कंपनीच्या खटल्यात, परवाना असलेला ट्रकचालक इंजिन चालू ठेवून खाद्यपदार्थ आणायला गेला, तेवढ्यात क्लीनरने ट्रक चालवला आणि अपघात झाला. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले, कारण मालकाने परवानाधारक ड्रायव्हर नेमून आपले कर्तव्य केले होते. उलट २०२० सालच्या एका खटल्यात ड्रायव्हरचा परवाना संपून तीन वर्षे लोटली होती. एकदा परवाना पाहिला म्हणजे मालक कायमचा मोकळा झाला असे नाही, त्याचे नूतनीकरण झाले की नाही हे पाहणे हीही मालकाचीच जबाबदारी, असे न्यायालयाने बजावले आणि भरपाईचा बोजा मालकावर टाकला.

थोडक्यात, सारा प्रश्न मालकाने काळजी घेतली की नाही, यावर येऊन ठेपतो. ट्रकचा मालक आणि त्याचा ड्रायव्हर दोन वेगळ्या घरांत राहतात. ‘मला ठाऊक नव्हते’ असे तो म्हणू शकतो आणि ते पटूही शकते. पण मालक आणि चालक एकाच ताटात जेवणारे असले तर?

समजा, एका निवृत्त शिक्षिकेने फंडाच्या पैशातून गाडी घेतली आहे. गाडी आणि पॉलिसी दोन्ही त्यांच्या नावावर आहेत. मुलगा गाडी चालवताना मोबाईलवर बोलत होता, म्हणून त्याचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाला. परिवहन कार्यालयाचे पत्र घरी आले, ते आईच्याच हाती पडले.

“आई, बाबांना एवढ्यात सांगू नकोस. उगाच दिवाळीचा विरस होईल,” मुलगा म्हणाला.

“नाही सांगत. पण तू गाडीला हात लावू नकोस हो,” आई म्हणाली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी झेंडूची फुले कमी पडली. बाबांनी सहज सांगितले, “अरे, पटकन गाडी काढ आणि घेऊन ये.” आई स्वयंपाकघरात होती. ती बोलली असती तर गुपित फुटले असते. ती बोलली नाही.

पुढे काही अशुभ घडले तर न्यायाधिकरणापुढे ही माउली काय सांगणार? पत्र कोणत्या पत्त्यावर गेले, ते कुणी घेतले, हे कंपनीचा वकील विचारणारच. बाबांना खरोखर ठाऊक नव्हते, पण बाबा मालक नाहीत. मालक आहे ती आई, आणि तिला ठाऊक होते. पोराच्या लाजेवर घातलेले ते पांघरूण कंपनीच्या हाती पुरावा होऊन जाते. परवाना ज्या बेपर्वाईसाठी निलंबित झाला त्याच बेपर्वाईने अपघात घडला असेल, तर ‘त्या उणिवेचा अपघाताशी संबंध नाही’ हा युक्तिवादही लंगडा पडतो.

आपल्या स्वतःच्या नुकसानीचे काय?

तिऱ्हाइताला निदान कायद्याचा आधार आहे. आपल्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी तो मिळत नाही. स्वर्णसिंग निकालातला उदारपणा तिऱ्हाइतांच्या दाव्यांपुरताच आहे, विमेदाराच्या स्वतःच्या नुकसानीला तो लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली स्पष्ट केले. म्हणजे समोरासमोर धडक होऊन गाडीचा चक्काचूर झाला आणि चालक अपात्र होता असे निघाले, की दुरुस्तीची विमाभरपाई हातची गेली असे समजावे. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर बँकेचे हप्ते काही थांबत नाहीत. तसेच मालक-चालकासाठी २०१८ पासून पंधरा लाख रुपयांचा जो वैयक्तिक अपघात विमा ठेवण्यात आला, त्यालाही अट आहे ती हीच, की अपघाताच्या वेळी गाडी चालवणाऱ्या मालकापाशी अमलात असलेला परवाना हवा. स्वतःचा परवाना निलंबित असताना गाडी काढणारा कुटुंबप्रमुख आपल्याच बायकामुलांचे पंधरा लाख पणाला लावत असतो.

काही नेहमीच्या शंका

घरातल्या एकाचा परवाना निलंबित झाला म्हणजे गाडीचा विमा रद्द होतो काय? नाही. विमा गाडीचा आहे. चालू परवाना असलेली घरातली दुसरी व्यक्ती ती गाडी निश्चिंतपणे चालवू शकते.

निलंबित माणूस शेजारच्या आसनावर बसला तर? खुशाल बसावे. प्रश्न चालवण्याचा आहे.

गाडी दारात उभी असताना चोरीस गेली तर? तेव्हा ती कुणी चालवीतच नव्हते. तेथे परवान्याचा प्रश्न येत नाही.

घरात कुणी अत्यवस्थ झाले आणि दुसरा चालक नसला तर? पॉलिसीच्या कलमात अशा प्रसंगासाठी अपवाद लिहिलेला नाही. रुग्णवाहिका, टॅक्सी, शेजारी, यांपैकी कोणालाही हाक मारावी.

स्कूटरलाही हेच लागू आहे काय? अक्षरशः हेच. मुलाची स्कूटर वडिलांच्या नावावर असते, हे वडिलांनी विसरू नये.

एक मोह टाळावा

अपघात झाल्यावर भल्या भल्या घरांत एक विचार डोकावतो. ‘गाडी मी चालवीत होतो असे सांगतो, माझा परवाना चालू आहे.’ वडील मुलासाठी, भाऊ भावासाठी हे करायला तयार होतात. त्यामागची माया समजते, पण त्याने घराचा सर्वनाश ओढवतो. रस्त्यावरचे कॅमेरे, साक्षीदार, मोबाईलच्या नोंदी, इस्पितळाचे कागद यांतून खरा चालक उघड होतो. मग विम्याचा दावा तर बुडतोच, वर पोलिसांना खोटी माहिती दिल्याचा गुन्हा माथी येतो आणि एकाच्या जागी दोघे आरोपी होतात. कायद्याने सांगितलेले कर्तव्य साधे आहे. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी, पोलिसांना शक्य तितक्या लवकर आणि उशिरात उशिरा चोवीस तासांत कळवावे, विमा कंपनीला लेखी कळवावे आणि जे घडले ते खरे सांगावे.

काय करावे?

ज्याच्यावर निलंबनाची नोटीस आली असेल त्याने ती चटईखाली सारू नये. सुनावणीला हजर राहून आपले म्हणणे मांडावे. हुकूम अन्यायाचा वाटला तर तीस दिवसांच्या आत अपील करता येते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार परवाना परत मिळवण्यासाठी उजळणी प्रशिक्षण घ्यावे लागते. ते पुरे करून परवाना हाती येईपर्यंत गाडीला हात लावू नये. तीन महिने संपले म्हणजे सारे आपोआप झाले, असे गृहीत धरू नये.

मालकाने दिवाळीच्या साफसफाईत एक काम वाढवावे. घरात जे जे गाडी चालवतात त्यांचे परवाने काढून तारखा पाहाव्यात. सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर परवान्याचा क्रमांक आणि जन्मतारीख घालून त्याची सद्यस्थिती पाहता येते. पगारी ड्रायव्हर असेल तर नेमणुकीच्या वेळी परवान्याची प्रत ठेवावी, त्याचे चालवणे स्वतः बसून पाहावे आणि वर्षातून एकदा परवाना पुन्हा तपासावा. हे कागद म्हणजेच उद्या मालकाने काळजी घेतल्याचा पुरावा.

आणि शेवटी, ज्यासाठी पैसा लागत नाही, फक्त थोडे धैर्य लागते, अशी गोष्ट. परवाना निलंबित होणे ही लाजिरवाणी बाब असेल, पण लपवण्याजोगी नक्कीच नाही. पोराने ती वडिलांना सांगण्याइतके वडिलांनी जवळचे व्हावे, आणि जावयाने ‘सासूबाई, माझा परवाना सध्या जमा आहे, गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्या’ असे म्हटले, तर त्याला हसू नये. उलट त्याच्या पानात एक अनारसा अधिक वाढावा. ज्या घरात हा प्रश्न मोकळेपणाने विचारता येतो आणि त्याचे खरे उत्तर देता येते, त्या घराचा विमा खऱ्या अर्थाने चालू आहे.